पाण्यात म्हैस, बाहेर मोल

त्या बॉम्बफेकी विमानाला तळावरचे सगळे ‘म्हैस’ म्हणायचे. काळपट रंग, सुटलेलं पोट, आणि त्या पोटात बॉम्ब भरले की धावपट्टीवरून उठायला इतका वेळ लावायची की बघणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळावं. नाव ठेवलं होतं तारवाल्यानं. विमानातलं बिनतारी यंत्र सांभाळणारा हा गडी. त्याच्या जिभेला हाड नव्हतं. “हलवायला गेलं तर हलत नाही आणि एकदा सुटली की कुणाचं ऐकत नाही,” तो म्हणायचा. “आमच्या सासूबाईंना नुसते पंख लावलेत.”

म्हशीवर चौघं होते. कप्तान तिशी ओलांडलेला, लढाई सुरू होण्याआधी टपालाचं विमान चालवायचा. बोलणं मोजकं, पण हात असा स्थिर की वादळातसुद्धा मागे बसलेल्याचा चहा सांडू नये. दुसरा मास्तर. शाळेत भूगोल शिकवता शिकवता सैन्यात ओढला गेलेला. नकाशा बघून वाट सांगायची आणि वेळ आली की बॉम्ब सोडायचे, हे त्याचं काम. त्याचं दर दुसरं वाक्य ‘नियमाप्रमाणे’नं सुरू व्हायचं. तिसरा तारवाला. आणि चौथा बारक्या. विमानाच्या शेपटात काचेचा एक घुमट होता, त्यात तो पाय पोटाशी घेऊन बंदुकीमागे बसायचा. दुसरं कुणी तिथं मावलंच नसतं. चौघांत तोच लहान. लग्न नुकतंच झालेलं, बायकोला दिवस गेलेले, आणि तो विषय निघाला नाही असा एक दिवस जायचा नाही.

कप्तानाला एक खोड होती. अडचण आली की तो तिघांना विचारायचा. “चार डोकी असताना एकच कशाला झिजवायचं?” म्हणायचा. तळाचे प्रमुख होते, त्यांना सगळे मोठे साहेब म्हणत. साहेबांना ही खोड मुळीच पसंत नव्हती. सैन्य म्हणजे काही पंचायत नव्हे, असं त्यांनी एकदा सगळ्यांसमोर सुनावलं होतं. साहेब स्वतः कित्येक वर्षांत विमानात बसले नव्हते. उंटावरून शेळ्या हाकण्यात मात्र त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

त्या हिवाळ्यात म्हशीचं उजवं इंजिन तेल पिऊ लागलं. जमिनीवर चालवून बघितलं तरी तेलाच्या दाबाचा काटा खाली खाली यायचा. मिस्त्रींनी दोनदा उघडून बघितलं, नवा भाग मागवला, तो आला नाही. अशातच हुकूम आला की नदीवरचा रेल्वेपूल पाडायचा. शत्रूची फौज त्याच पुलावरून अलीकडे येणार होती.

कप्तान साहेबांच्या खोलीत गेला. शेगडी पेटलेली, भिंतीवर टाचण्या टोचलेला नकाशा, टेबलावर चहाचा पेला.

“उजवं इंजिन भरवशाचं नाही, साहेब. या खेपेला म्हैस नको.”

“म्हैस?”

“विमान, साहेब.”

“सगळी विमानं जातील. वर मी तसा शब्द दिलाय.” साहेबांनी पेला उचलला. “आणि एक इंजिन बिघडलंच, तर दुसरं आहे ना? दोन इंजिनं कशाला दिलीत तुला?”

“दोन्ही चालायला, साहेब.”

साहेब हसले नाहीत. कप्तानही विनोद करायला आला नव्हता. सलाम करून तो बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं उठल्याबरोबर सगळी विमानं निघाली. म्हैस सगळ्यांत मागे. आखाताच्या पाण्यावर पोचेपर्यंत पुढची विमानं माश्यांएवढी झाली, मग दिसेनाशी. उजव्या पंखावर तेलाचे काळे ओघळ पसरायला लागले. आधी थरथर, मग घरघर, आणि मग इंजिनाचा पंखा एका झटक्यात जागीच थांबला. विमान त्या बाजूला कललं. कप्तानानं सगळा जोर लावून ते सरळ केलं.

“मास्तर, पूल किती लांब?”

“आलोय त्याहून थोडं जास्त जायचंय.”

“ऐका सगळे,” कप्तान कानातल्या यंत्रातून बोलला. “बॉम्ब पोटात ठेवून एका इंजिनावर उंची राहत नाही. खाली जात जात पुलापर्यंत पोचू, कदाचित. परत येणार नाही, हे नक्की. बॉम्ब पाण्यात टाकून आत्ता वळलो तर घरी जायची आशा आहे. बोला.”

मास्तरनं नकाशावर बोट ठेवून अंतर पुन्हा मोजलं.

“नियमाप्रमाणे,” तो म्हणाला, “नियमाप्रमाणे वळायला हरकत नाही.”

“वळा हो,” तारवाला म्हणाला. “सासूबाईंना आनंदाची बातमी इतक्यात नको.”

“दादा, वळा!” शेपटातून बारक्या ओरडला. “वळा, दादा! तिला दिवस गेलेत!”

मास्तरनं बॉम्ब सोडले. खाली पाण्यात पांढरे खांब उठले आणि विरून गेले. कप्तानानं विमान वळवलं.

निम्मी वाटही झाली नसेल, तोच शत्रूचं एक लढाऊ विमान ढगातून खाली आलं. लंगड्या जनावरामागे लांडगा लागावा तसं ते मागे लागलं. बारक्यानं बंदूक चालवली, आणि चांगली चालवली. त्या विमानातून धूर निघाला आणि ते निघून गेलं. पण जाता जाता त्यानं डावं इंजिन फोडलं होतं. इतक्या खालून उड्या मारायची सोय नव्हती. कप्तानानं म्हैस पाण्यावर उतरवली. उतरवली म्हणजे काय, पोटावर आपटली. तरी ती मोडली नाही. नाक खाली घालून हळूहळू बुडायला लागली.

तिघं पंखावर आले. रबरी होडी फुगवली. बारक्या आला नाही.

घुमटाच्या चौकटीचा पत्रा आत दबून त्याचा पाय अडकला होता. कप्तान परत आत शिरला. आत छातीभर पाणी, वर तेलाचा तवंग. बारक्या हुंदके देत होता, “दादा, जा तुम्ही,” म्हणत होता, आणि म्हणता म्हणता त्यानं कप्तानाची गळपट्टी मुठीत आवळून धरली होती. कप्तानानं पाण्याखाली बुडी मारून हातानं पत्रा वाकवला, पाय ओढून काढला. हाड मोडल्याचा आवाज दोघांनाही ऐकू आला. बाहेर येईतो कप्तानाच्या दोन्ही तळहातांची सालटी निघाली होती. होडी जरा लांब गेली आणि मागे वळून बघतात तो म्हैस नव्हती. पाण्यावर तेल होतं आणि मास्तरची टोपी.

किती दिवस वाहवत गेले, यावर पुढे चौघांचं एकमत झालं नाही. थंडी अशी की बोलताना दात वाजायचे. पिण्याचं पाणी एका लहानशा डब्यात होतं. कप्तान झाकणात ओतून द्यायचा, आधी बारक्याला, शेवटी स्वतःला. तारवाल्यानं माहीत असलेले सगळे विनोद संपवले, मग सभ्य विनोद सांगायला लागला, तेव्हा सगळ्यांना कळलं की तो घाबरलाय. मास्तर सूर्याकडे बघून दिशा सांगायचा आणि ते हातांनी पाणी कापायचे. एका दुपारी बारक्याला ताप चढला. तो कप्तानाच्या मांडीवर डोकं ठेवून बडबडत होता. “मुलगा झाला तर तुमचं नाव ठेवणार, दादा. आईशपथ.”

“मुलगी झाली तर?”

“तरी तुमचंच ठेवणार.”

तारवाला इतका हसला की त्याला खोकला आला. मास्तर डोळे पुसत म्हणाला, आता आपण चौघं सख्ख्या भावांहून जवळचे. तेव्हा ते खरंच होतं. त्यात खोट नव्हती.

लाटांनी त्यांना आपल्याच बाजूच्या किनाऱ्यावर, वेतांच्या दलदलीत नेऊन टाकलं. बारक्याला कप्तानानं पाठीवर घेतलं. गुडघाभर चिखल, पायात फाटके मोजे. मिठागरावर काम करणाऱ्या बायकांनी त्यांना बघितलं तेव्हा आधी त्या पळाल्या, मग परत आल्या, आणि अंगावरच्या शाली काढून यांच्या अंगावर घातल्या.

ट्रक त्यांना घेऊन तळावर आला. चौघंही जिवंत परत आलेले बघून मिस्त्री पळत आले, स्वयंपाकी हातातला डाव तसाच घेऊन बाहेर आला. मोठे साहेब पायऱ्यांवर उभे होते. त्यांनी चौघांकडे आळीपाळीनं बघितलं.

“आणि विमान?”

“बुडालं, साहेब,” कप्तान म्हणाला.

“आणि तुम्ही सगळे वाचलात.”

“हो, साहेब.”

“सगळे,” साहेब पुन्हा म्हणाले, आणि आत गेले.

त्या महिन्यात तळावरची बरीच विमानं गेली होती. त्यांतली माणसं विमानांबरोबरच गेली, त्यामुळे त्यांच्याबद्दल कुणाला काही विचारायचं उरलं नव्हतं. ते वीर झाले. म्हशीचं गणित मात्र उलटं आलं होतं. शिवाय पूल पडला नव्हता. पुढे गेलेल्या विमानांचे बॉम्ब नदीत पडले, शत्रूची फौज आरामात अलीकडे आली, एक शहर हातचं गेलं. वरून विचारणा झाली की असं कसं झालं. साहेबांना उत्तर हवं होतं, आणि उत्तर चालत घरी आलं होतं. खराब इंजिनाचं विमान कुणी पाठवलं, हा प्रश्न निघण्याआधी ते विमान वळवलं कुणी, हा प्रश्न निघाला. कप्तानानं धडधाकट विमान भीतीनं माघारी फिरवलं, बॉम्ब पाण्यात टाकले, असा आरोप ठेवला गेला. मिस्त्रींची त्याच आठवड्यात दुसऱ्या तळावर बदली झाली.

चौकशीच्या आदल्या दिवशी साहेब संत्री घेऊन दवाखान्यात गेले आणि बारक्याच्या खाटेशी बसले. असे ते पूर्वी कुणाच्या खाटेशी बसल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

“कप्तानानं तुम्हाला विचारलं होतं म्हणे,” साहेब संत्रं सोलत म्हणाले. “नीट आठवून बघ. विचारलं असेल आणि तुम्ही ‘वळा’ म्हणाला असाल, तर चौघंही पळपुटे. चौघंही शिक्षेच्या पलटणीत. विचारलं नसेल, तर एकटा तो. तुझा पाय बरा झाला की तुला घरी पाठवायचं माझ्या मनात आहे. बायकोला कितवा महिना?”

बारक्यानं सांगितलं. साहेबांनी त्याच्या हातावर संत्र्याची फोड ठेवली. मास्तरला आणि तारवाल्याला त्यांनी खोलीत बोलावून हेच सांगितलं, फक्त संत्र्याशिवाय.

चौकशी जेवणाच्या दालनात झाली. दोन टेबलं जोडून त्यावर हिरवं कापड टाकलं होतं. भिंतींना उकडलेल्या बटाट्यांचा वास येत होता. मुख्यालयातून तीन अधिकारी आले होते. मधल्याच्या मिशा पांढऱ्या होत्या आणि तो घाईत होता. मोठे साहेब एका बाजूला खुर्ची टाकून बसले.

कप्तानानं जसं घडलं तसं सांगितलं. “उजवं इंजिन बंद पडलं. मी तिघांना विचारलं. तिघंही म्हणाले, वळा. मलाही तेच योग्य वाटलं. मी वळवलं.”

मग मास्तरला बोलावलं. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. “नियमाप्रमाणे निर्णय कप्तानाचा असतो,” तो म्हणाला. “माझं लक्ष नकाशात होतं.”

“तुम्हाला विचारलं होतं की नाही?”

“नियमाप्रमाणे विचारायची गरज नसते.”

तारवाला आला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला शब्द सापडत नव्हते. “मी तारवाला, साहेब. माझ्या कानात शिट्ट्या वाजत असतात. इंजिनाचं आपल्याला काही कळत नाही.”

“कप्तानानं काही विचारल्याचं ऐकलंत?”

“शिट्ट्या होत्या, साहेब.”

शेवटी बारक्याला चाकाच्या खुर्चीतून आणलं. प्लास्टरमधला पाय पुढे ताठ. तो हिरव्या कापडाकडे बघत बोलला, पाठ केल्यासारखा. “आम्हाला काही विचारलं नाही. इंजिन चालू असावं. मला तरी चालू वाटत होतं. मी म्हणालो, पुढे जाऊ. त्यांनी ऐकलं नाही.”

मास्तर आणि तारवाल्यानं नुसते हात वर केले होते. बारक्यानं त्याच्याहून पुढची पायरी गाठली. ती त्याला कुणी सांगितलीही नव्हती. भ्यालेला माणूस मागितल्यापेक्षा जास्तच देतो.

“तुम्हाला काही म्हणायचंय?” पांढऱ्या मिशांनी कप्तानाला विचारलं.

कप्तान बारक्याकडे बघत होता. मग टेबलाकडे वळला. “पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल चाललंय, साहेब. इंजिन चालू होतं की बंद, हे तिला बाहेर काढून बघा. मग माझं काय करायचं ते करा.”

“कसली म्हैस?”

मोठे साहेब खिडकीतून बाहेर बघत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला फार वेळ लागला नाही. अधिकाऱ्यांना दुपारची गाडी गाठायची होती. कप्तानाच्या छातीवरचा पंखांचा बिल्ला काढून घेतला. हुद्दा गेला, उड्डाण गेलं. तळावर हमालांची टंचाई होती म्हणून त्याला तिथंच ठेवलं: कोठारातून बॉम्ब हातगाड्यावर घालायचे, ढकलत विमानांपर्यंत न्यायचे, पोटात चढवायचे.

संध्याकाळी बराकीमागच्या नळावर तो तोंड धूत असताना तारवाला आला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून जवळ उभा राहिला.

“दादा, चुकलंच आमचं. पण तुम्ही आमची नावं का घेतलीत?”

कप्तानानं नळ बंद केला. “काय?”

“तुम्ही कप्तान ना? एकट्यावर घ्यायचं होतंत. एक गेला असता, तिघं सुटलो असतो, आणि कुणाला खोटंही बोलावं लागलं नसतं. तुम्ही आम्हाला त्यात ओढलंत, मग आम्ही काय करणार?”

“होडीत पाणी वाटून प्यालो आपण.”

“होडीत साहेब नव्हते, दादा,” तारवाला म्हणाला. हे बोलताना त्याला रडू येत होतं, आणि तरी ते तो मनापासून बोलत होता. कप्तानानं नळ परत सोडला. त्यानंतर कित्येक वेळा त्यानं स्वतःला तोच प्रश्न विचारला. एकट्यावर घ्यायला हवं होतं का? कधी वाटायचं, हो. मग बारक्याचं ‘मी म्हणालो, पुढे जाऊ’ आठवायचं आणि तोंड कडू व्हायचं.

साहेबांनी दिलेल्या शब्दांचं काय व्हायचं ते झालं. बंदूक चालवणारे कमी पडत होते, तेव्हा बारक्याला आठवडाभर घरी जाऊ दिलं आणि पाय लंगडत असतानाच परत बोलावून घेतलं. घुमटात बसायला पाय लागत नाहीत, असं साहेब म्हणाले. मास्तरला नकाशांच्या खोलीत बसवणार होते, तिथं साहेबांचा भाचा आला. तिघंही नव्या विमानावर गेले. नवा कप्तान उंचापुरा, देखणा, दोनदा पदक मिळवलेला. त्याला सगळे वाघ म्हणायचे. तो कुणाला काही विचारत नसे.

त्या विमानात बॉम्ब चढवायचं काम बहुतेक वेळा जुन्या कप्तानाच्याच वाट्याला यायचं. तो हातगाडा घेऊन यायचा तेव्हा मास्तर नकाशात तोंड खुपसायचा, तारवाला बुटाचे बंद बांधत बसायचा. बारक्या एकदोनदा जवळ येऊन घुटमळला. एका सकाळी वाघ यायच्या आधी तो शेपटाकडून लंगडत आला.

“दादा, मुलगी झाली.”

कप्तान बॉम्बची साखळी ओढत होता. त्यानं मान हलवली. नाव काय ठेवलं, हे त्यानं विचारलं नाही. बारक्यानंही सांगितलं नाही.

“दादा, हा माणूस ओढून नेतो हो. काल तेलाचा काटा पडला होता, मास्तरांनी दाखवला, तरी नेलं. बघतसुद्धा नाही.”

“मग वळा म्हणून सांग.”

“ऐकतोय कुठला? विचारतच नाही कुणाला.”

“बरंय की,” कप्तान म्हणाला. “विचारलंच नाही, तर मागाहून खोटं बोलायचा त्रास नाही.”

बारक्याचा चेहरा मार खाल्ल्यासारखा झाला. तो काही बोलायला गेला, तोच पलीकडून वाघ हातमोजे घालत आला आणि सगळे आपापल्या जागी पांगले. कप्तानाला वाटलं, चांगलं झालं, लागलं ना, लागू दे. दिवसभर त्याला त्या उत्तराचं एक वाईट समाधान वाटत राहिलं.

त्यानंतरच्या आठवड्यात ते विमान गेलं. बरोबर गेलेल्यांनी सांगितलं की निशाणाच्या बरंच अलीकडे त्याचं एक इंजिन पेटलं होतं. वळायला वाव होता. वाघ वळला नाही. निशाणापर्यंत पोचलाही नाही. आगीचा एक गोळा डोंगरावर पडला, कुणाचं पॅराशूट उघडलेलं दिसलं नाही.

कप्तानाला हे कोठाराच्या दारात कळलं. तो हातगाड्याच्या दांडीवर बसला. हेच बॉम्ब आपण स्वतःच्या हातांनी चढवले होते, हा एवढाच विचार डोक्यात फिरत राहिला. डोळ्यांत पाणी येत नव्हतं, आणि येत नाही याची चीड येत होती. ‘विचारलंच नाही, तर मागाहून खोटं बोलायचा त्रास नाही.’ बारक्याशी बोललेलं शेवटचं वाक्य हे होतं, आणि आता ते कुणापाशी परत घेण्याची सोय नव्हती. एक मात्र त्याला लख्ख दिसत होतं. तिघं त्याच्याविरुद्ध बोलले नसते तर आज त्या जागेवर तोच बसला असता. किंवा कदाचित नाही. कदाचित तो वळला असता.

तळावर गौरवाचा कार्यक्रम झाला. गेलेल्यांची घरची माणसं बसमधून आणली. बँड आला, आणि मैदानात खुर्च्या मांडायला हमाल लावले. मोठ्या साहेबांचं भाषण सुरेख झालं. जे वळले नाहीत त्यांचं नाव अमर राहील, असं ते म्हणाले, आणि क्षणभर खुर्च्यांच्या मागच्या रांगेपलीकडे बघितलं. तिथं हमाल उभे होते.

कार्यक्रम संपल्यावर कप्तान खुर्च्या मिटून एकावर एक रचत होता. एक मुलगी वाटावी अशी बाई त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. कडेवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, हातात पदकाची पेटी. सांगायची गरज नव्हती.

“तुम्हीच ना ते आधीचे कप्तान?”

“हो.”

“ह्यांनी सांगितलं होतं मला. तुम्ही घाबरून विमान वळवलंत ते.” ती चिडून बोलत नव्हती. पाऊसपाण्याबद्दल बोलावं तसं बोलत होती. “तेव्हा मी म्हटलं, बरी शिक्षा झाली त्या माणसाला. आता वाटतं, भित्र्यानं माझा नवरा परत आणून दिला होता. शूरानं नाही आणला.”

कप्तानानं हातातली खुर्ची खाली ठेवली.

“एकच विचारायला आले. तुम्ही वळलात तेव्हा हे काय म्हणाले होते? मला त्यांचं प्रत्येक वाक्य हवंय. आता नवीन काही मिळणार नाही ना.”

कप्तान बाळाकडे बघत राहिला. बाळ झोपलं होतं. गप्प बसावं, असं त्याला वाटलं. पण तिनं मागितलं होतं ते वाक्य त्याच्यापाशी होतं, जसंच्या तसं, आणि ते ऐकलेला जिवंत माणूस आता तोच एक होता.

“‘वळा, दादा,’ म्हणाला. ओरडला. ‘तिला दिवस गेलेत,’ म्हणाला. तुमचीच आठवण काढली त्यानं, वहिनी. दुसरं काही त्याच्या मनात नव्हतं.”

तिचा चेहरा आधी मऊ झाला, अगदी क्षणभर. मग तिला पुरतं कळलं.

“नाही,” ती म्हणाली. “ते म्हणाले होते, पुढे जाऊ. माझ्यापाशी शपथ घेऊन सांगितलंय त्यांनी.”

“वहिनी, तो—”

“मला वहिनी म्हणू नका. मेलेल्या माणसावर ढकलता? तो उठून बोलायला येणार नाही म्हणून?” बाळ जागं होऊन रडायला लागलं. “पाण्यातून ओढून काढलंत त्यांना, म्हणून आले होते मी तुमच्याकडे. मला वाटलं, माणूस भित्रा असेल, पण वाईट नसेल.”

ती बसकडे चालायला लागली. कप्तान तिच्यामागे दोन पावलं गेला आणि थांबला. तिला धीर द्यायला बोललो की स्वतःची पाटी कोरी करायला, हे त्याला तेव्हा कळलं नाही, आणि पुढेही कधी नीट कळलं नाही. बस निघून गेली. त्यानं उरलेल्या खुर्च्या रचल्या.

लढाई संपली. मोठ्या साहेबांना बढती मिळाली. वर्तमानपत्रात फोटो आला. कप्तान थोरल्या बहिणीकडे राहायला गेला आणि बंदरावर क्रेन चालवायला लागला. कामात तो चोख होता. लग्न केलं नाही. ताईनं दोनचारदा विषय काढून बघितला, मग सोडून दिला. भाऊजी मात्र भोळे. मेहुणा वैमानिक होता, याचं त्यांना अजून कौतुक होतं, आणि घरी आलेल्या प्रत्येकाला ते सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

एका रविवारी शेजारी नवीन राहायला आलेले गृहस्थ चहाला आले होते. भाऊजींनी सुरुवात केलीच. “आमचे हे मेहुणे लढाईत बॉम्बफेकी विमानावर होते, कप्तान! शत्रूनं विमान पाडलं, भर समुद्रात!”

“अरे बाप रे,” शेजारी पुढे सरकून बसले. “मग? बरोबरचे सगळे गेले असतील?”

ताईनं स्वयंपाकघरातून नवऱ्याकडे डोळे वटारून बघितलं, पण उशीर झाला होता. कप्तान बशीत चहा ओतत होता.

“नाही,” तो म्हणाला. “सगळे वाचले.”

“वा! सगळे? नशीबवान हो! मग पुढे काय झालं?”

“पुढे चौकशी झाली.”

शेजाऱ्यांना वाटलं, गोष्ट अजून बाकी आहे. ते बराच वेळ वाट बघत राहिले. मग भाऊजींनीच घसा साफ केला आणि नव्या घरात गच्चीवरून पाणी गळतं की काय ते विचारलं.